गव्हाणीपासून सर्वसाधारण सभेपर्यंत: व्यवस्थापनाच्या पातळ्या

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात व्यवस्थापनाच्या पातळ्या शिकवताना एक त्रिकोण काढलेला असतो. टोकाला उच्च स्तर, मधे मध्यम स्तर आणि पायाशी कनिष्ठ, म्हणजे पर्यवेक्षकीय स्तर. परीक्षेपुरता हा त्रिकोण पुरतो. परंतु तो पाहून वाचणाऱ्याची अशी समजूत होते की निर्णय वरचे घेतात, मधले ते खाली पोचवतात आणि खालचे ते निमूटपणे पार पाडतात. कोणत्याही चालत्या संस्थेत आठवडाभर वावरलेल्या माणसाला हे चित्र पटणार नाही. निर्णय प्रत्येक पातळीवर घेतले जातात. फरक असतो तो निर्णयाचे फळ किती काळाने दिसते, यात. पाळीवरच्या पर्यवेक्षकाचा निर्णय बरोबर होता की चूक, हे तासाभरात कळते. खातेप्रमुखाचा निर्णय पंधरा दिवसांत किंवा हंगाम संपताना कळतो. आणि संचालक मंडळाचा निर्णय कळायला पाच-दहा वर्षे जातात, तोवर मंडळातले निम्मे चेहरे बदललेले असतात. पदाचे नाव, खुर्चीची उंची आणि पगार यांपेक्षा काळाचे हे अंतर पातळी ओळखायला अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

हे समजून घेण्यासाठी सहकारी साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. पश्चिम महाराष्ट्रातील किंवा मराठवाड्यातील बहुतेक वाचकांच्या गावापासून एखाद्या कारखान्याची चिमणी दिसतेच. शिवाय या संस्थेत तीनही पातळ्या एकाच आवारात, काही हातांच्या अंतरावर पाहायला मिळतात, आणि वरच्या टोकाला एक गंमतीची गाठही आहे, जिच्याकडे पुढे येऊ. उदाहरणातला कारखाना रोज ५,००० टन गाळप करणारा धरू. याचा अर्थ त्याला तासाला सुमारे २०८ टन ऊस लागतो. एक ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या मिळून पंधरा ते वीस टन ऊस येतो असे मानले, तर दर तासाला दहा ते चौदा ट्रॅक्टर गव्हाणीवर, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या पट्ट्यावर, रिकामे झाले पाहिजेत. दिवसाही आणि रात्रीही, दिवाळीच्या सुमारास गव्हाणीत टाकलेल्या पहिल्या मोळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत.

आता एक रात्र डोळ्यांसमोर आणू. वेळ अडीचची. केन यार्डात एरवी वाहनांच्या रांगा असतात, तिथे आज सहा ट्रॅक्टर आणि काही बैलगाड्या उरल्या आहेत. यार्डाचा सुपरवायझर फोन करून पाळीच्या केमिस्टला सांगतो, "साहेब, अर्ध्या तासाचा ऊस आहे. पुढचं वाहन साडेचारच्या आत येईल असं वाटत नाही." केमिस्ट पाळीच्या इंजिनिअरला गाठतो. दोघांपुढे दोन वाटा आहेत. मिल आहे त्याच वेगाने चालवावी आणि ऊस संपला की बंद करावी, हा एक मार्ग. वेग आत्ताच निम्म्यावर आणावा, हाताशी असलेला ऊस ताणून पुरवावा आणि पूर्ण बंद पडण्याची वेळ शक्य तेवढी पुढे ढकलावी, हा दुसरा. मिल थांबली की ताजा भुस्सा, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, येणे थांबते आणि बॉयलरला साठवलेला भुस्सा द्यावा लागतो. वाफेचा दाब सांभाळावा लागतो. पॅनमध्ये, म्हणजे साखर शिजवण्याच्या मोठ्या भांड्यात, शिजत असलेला माल मध्येच सोडून चालत नाही. आणि टाक्यांमध्ये रस तुंबून राहिला तर त्यातली साखर वाया जायला लागते. बॉयलरवर भुस्सा किती साठला आहे, पॅन कोणत्या अवस्थेत आहेत, मागच्या बंदनंतर मिल सुरू होताना कोणत्या रोलरने त्रास दिला होता, हे सगळे मनाशी धरून त्या दोघांनी दहा मिनिटांत ठरवायचे असते. ते ठरवतात की वेग कमी करायचा. कार्यकारी संचालकांना त्या वेळी उठवले जात नाही, आणि उठवले तरी त्यांना यांच्याइतके नेमके सांगता येणार नाही.

व्यवस्थापनाची कनिष्ठ पातळी म्हणतात ती हीच. पाळीचे केमिस्ट आणि इंजिनिअर, यार्डाचा सुपरवायझर, मिलचा फोरमन, शेताकडच्या बाजूला काही गावांच्या गटावरचे गट अधिकारी आणि शेतोशेत फिरणारे फिल्डमन. यांच्या हाताखाली थेट काम करणारी माणसे असतात: पॅनवरचे, बॉयलरवरचे, काट्यावरचे, गावोगाव तोडीची चिठ्ठी देणारे चिटबॉय. त्यामुळे या पातळीवरच्या माणसाला काम स्वतः करता येत असले तरी त्याने ते दुसऱ्याकडून करून घ्यायचे असते, आणि पुन्हा त्या दुसऱ्याशी रोज डोळ्याला डोळा भिडवायचा असतो. रजेचा अर्ज, ओव्हरटाइम, दोन कामगारांतले भांडण, सुरक्षिततेचे हातमोजे न घालण्याचा हट्ट, हे सगळे याच पातळीवर निभते. ‘कनिष्ठ’ हा शब्द म्हणूनच मला फारसा आवडत नाही. बहुतेक कामगारांच्या दृष्टीने ‘व्यवस्थापन’ म्हणजे त्यांच्या पाळीचा साहेब. त्यापलीकडचे व्यवस्थापन त्यांना वार्षिक सभेत किंवा बोनसच्या वाटाघाटीतच दिसते.

परंतु त्या रात्री ऊस का संपला, हा प्रश्न पाळीच्या साहेबांना सोडवता येत नाही. त्यांच्या हाती आलेला ऊस गाळणे आहे, ऊस आणणे नाही. ऊस आणणे हे शेतकी खात्याचे काम, आणि इथे आपण मधल्या पातळीवर येतो.

कार्यकारी संचालकांच्या खालोखाल कारखान्यात खातेप्रमुख असतात. मुख्य शेतकी अधिकारी, चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, चीफ अकाउंटंट, कामगार अधिकारी, आसवनी (अल्कोहोल तयार करणारा विभाग) किंवा सहवीजनिर्मिती (भुस्सा जाळून वीज करणारा) प्रकल्प असेल तर त्याचे व्यवस्थापक. संस्थेने ठरवलेले उद्दिष्ट ‘या हंगामात सहा लाख टन गाळप’ अशा एका ओळीत असते. ती ओळ रोजच्या, गावागावाच्या आणि यंत्रायंत्राच्या कामात मोडून देणे, हे या मंडळींचे मुख्य काम. शेतकी अधिकाऱ्याचेच पाहा. मागच्या वर्ष-दीड वर्षात झालेल्या लागणीच्या नोंदी त्याच्याकडे असतात: कोणाच्या किती एकरांत, कोणती जात, लागणीचा प्रकार ‘आडसाली’, ‘पूर्वहंगामी’, ‘सुरू’ की ‘खोडवा’ (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा वाढलेला), लागणीची तारीख कोणती. त्यावरून तो तोडणीची क्रमपाळी लावतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस आणि जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस एकाच वेळी पक्व होत नाहीत. वेळेआधी तोडला तर साखर उतारा (उसाच्या वजनातून मिळणाऱ्या साखरेची टक्केवारी) कमी, उशिरा तोडला तर वजन घटते आणि शेतकरी चिडतो तो वेगळाच. हे जमवायचे तर मजूर हवेत. म्हणून मोळी टाकण्याच्या कित्येक महिने आधीच बीड, पाथर्डी अशा भागांतल्या मजूर पुरवणाऱ्या मुकादमांशी आणि वाहतूकदारांशी करार होतात, उचल दिली जाते, आणि किती ‘कोयते’ येणार याचा हिशेब मांडला जातो. कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे. एकत्र तोडणी करणारी जोडी, बहुधा नवराबायको, हे मोजमापाचे एकक. शेतकी अधिकाऱ्याने मे-जूनमध्ये या करारांत चूक केली, तर ती जानेवारीतल्या एखाद्या रात्री अडीच वाजता गव्हाणीवर उघडी पडते.

मधल्या पातळीची दुसरी खूण अशी की इथे खात्यांचे हितसंबंध एकमेकांना धडकतात, आणि कोणाचेही म्हणणे चुकीचे नसते. चीफ इंजिनिअरला दोन-तीन आठवड्यांनी काही तास मिल थांबवून साफसफाई आणि दुरुस्ती हवी असते. शेतकी अधिकाऱ्याला ती परवडत नाही, कारण यार्डात तोडून आणलेला ऊस वाळत पडतो. चीफ केमिस्टचे सारे लक्ष उताऱ्यावर असते, आणि त्याचे कारण साध्या गणिताने कळेल. दिवसाला ५,००० टन याप्रमाणे १२० दिवसांत सहा लाख टन गाळप झाले, आणि उतारा केवळ ०.१ टक्क्याने वाढला, तर ६०० टन जास्त साखर मिळते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ठरवलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्रीदराने तिची किंमत १ कोटी ८६ लाख रुपये होते. म्हणून केमिस्ट म्हणतो, मिल सावकाश चालली तरी चालेल, पण चोथ्यात साखर जाता कामा नये. शेतकी अधिकारी म्हणतो, सावकाश चालवाल तर मार्च संपला तरी माझा ऊस शेतात उभा राहील.

चीफ अकाउंटंटची चिंता आणखी निराळी. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला दर द्यावा लागतो, आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये हा केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर होता. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो हे खरे. तरी ढोबळ हिशेबाने ५,००० टनांच्या कारखान्यावर रोज १ कोटी ७० लाखांची, म्हणजे चौदा दिवसांत जवळजवळ २४ कोटींची जबाबदारी उभी राहते. तयार झालेली साखर मात्र केंद्राने ठरवलेल्या मासिक कोट्यानुसारच बाजारात विकता येते. मधली फट साखर तारण ठेवून काढलेल्या कर्जाने बुजवावी लागते. अकाउंटंटला म्हणूनच गाळपाचा विक्रम ऐकून इतरांइतका आनंद होत नाही.

अशी चार खरी पण न जुळणारी म्हणणी ज्या टेबलाभोवती बसतात, ती मधली पातळी. तिला नुसती ‘वरचे आदेश खाली आणि खालचे अहवाल वर नेणारी’ म्हणणे म्हणजे तिच्या कामाचा अर्धा भाग वगळणे होय. आडव्या दिशेने, एका खात्यातून दुसऱ्या खात्याकडे, होणारी देवाणघेवाण हाच तिचा अवघड भाग आहे.

या आडव्या वाटेचा विचार शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच खाण-अभियंत्याने केला होता. हेन्री फेयॉल हे १८८८ ते १९१८ अशी तीस वर्षे कोळसा आणि लोखंडाच्या एका मोठ्या कंपनीचे प्रमुख होते आणि १९१६ मध्ये त्यांनी व्यवस्थापनाची आपली तत्त्वे प्रसिद्ध केली. वरपासून खालपर्यंत अधिकाराची साखळी अखंड असावी, असा त्यांचा आग्रह होता. पण त्यांच्याच लक्षात आले की दोन खात्यांतल्या समान पातळीवरच्या माणसांनी एकमेकांशी बोलायला प्रत्येक वेळी साखळी चढून पुन्हा उतरायचे म्हटले, तर काम होण्याआधीच वेळ निघून जाते. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा की दोघांच्या मधे एक फळी टाकावी. त्यांनी थेट बोलावे, मात्र दोघांच्याही वरिष्ठांची त्याला संमती असावी आणि काय ठरले ते त्यांना कळवावे.

ही फळी आपल्या त्या रात्रीला लावून पाहू. ऊस का संपला होता? दुपारी एका गटात अवकाळी पाऊस झाला, काळ्या रानात ट्रॉल्या रुतल्या आणि संध्याकाळी निघायची वाहने निघालीच नाहीत. ही गोष्ट फिल्डमनला पाच वाजताच ठाऊक होती. त्याने गट अधिकाऱ्याला सांगितले, गट अधिकाऱ्याने शेतकी खात्याच्या कार्यालयात कळवले, तिथून मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना रात्री आठ वाजता कळले. त्यांनी दुसऱ्या गटातून वाहने वळवायचा प्रयत्न केला. सर्वांनी आपापले काम केले. गाळप करणाऱ्या पाळीला मात्र कोणी सांगितले नाही, कारण साखळीत ती दुसऱ्या खात्याच्या खाली येते. साडेपाचला निरोप मिळाला असता तर रात्री आठपासूनच वेग थोडा थोडा कमी करून सकाळपर्यंत ऊस पुरवता आला असता. अनेक कारखान्यांत आता गट अधिकारी, यार्ड आणि पाळीचे साहेब यांचा मिळून व्हॉट्सॲप गट असतो. फेयॉल यांची फळी ती हीच, फक्त दुसऱ्या लाकडाची.

मधल्या आणि वरच्या पातळीच्या सांध्यावर कार्यकारी संचालक असतात; कारखान्यात सगळे त्यांना ‘एमडी साहेब’ म्हणतात. ते पगारी अधिकारी आहेत, निवडून आलेले नाहीत. सहकारी कारखान्यांसाठी साखर आयुक्तालयाच्या पॅनेलवरील नावांतून ही नेमणूक करण्याची पद्धत आहे. पुस्तकी विभागणीत त्यांना उच्च स्तरात धरतात आणि ते योग्यच आहे. तरी त्यांचा दिवस पाहिला तर सकाळी नऊला खातेप्रमुखांची बैठक, अकराला बँकेच्या अधिकाऱ्यांशी कर्जमर्यादेवर चर्चा आणि दुपारी अध्यक्षांबरोबर पुढच्या वर्षीच्या विस्ताराचा प्रस्ताव, असा तो असतो. एकाच दिवसात त्यांना तास, महिने आणि वर्षे या तिन्ही मापांत विचार करावा लागतो. दोन्हीकडच्या भाषा येणे ही त्यांची खरी पात्रता. ‘मिल सहा तास थांबवली नाही तर फेब्रुवारीत मोठा बंद होईल’ हे इंजिनिअरचे वाक्य संचालकांपुढे ‘आज इतके रुपये जातील, तेव्हा इतके वाचतील’ असे मांडावे लागते. आणि संचालकांचे ‘सभासद नाराज होता कामा नयेत’ हे मोघम वाक्य खातेप्रमुखांपुढे क्रमपाळीच्या नेमक्या सूचनांत उतरवावे लागते.

त्यांच्यावर संचालक मंडळ आणि अध्यक्ष. सहकारी संस्थेत संचालकांच्या संख्येला कायद्याने मर्यादा असते. मंडळाने कोणते निर्णय घ्यावेत, याची एक सोपी कसोटी आहे: जो निर्णय चुकला तर एका हंगामात दुरुस्त करता येत नाही, तो मंडळाचा. गाळपक्षमता वाढवायची का, सहवीजनिर्मिती प्रकल्प उभारायचा का, आसवनी काढायची का, त्यासाठी किती कर्ज काढायचे, कार्यकारी संचालक कोणाला नेमायचे. या निर्णयांना लागणारी माहिती नेहमी अपुरी असते, कारण ती भविष्यातली असते.

इथेनॉलचे उदाहरण ताजे आहे. केंद्र सरकारच्या पेट्रोलमिश्रण कार्यक्रमामुळे अनेक कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभारल्या किंवा वाढवल्या आणि उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करण्याची तयारी केली. ७ डिसेंबर २०२३ रोजी, हंगाम ऐन भरात असताना, साखरेचे उत्पादन घटण्याच्या शक्यतेने केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले. आठवडाभरात ते काहीसे सैल झाले आणि पुढच्या हंगामासाठी उठलेही. पण त्या आठवड्यात पाळीच्या केमिस्टपासून अध्यक्षांपर्यंत प्रत्येकाला आपापले नियोजन फिरवावे लागले. पाळीवर तो प्रश्न ‘रस आज कोणत्या टाकीत न्यायचा’ असा होता. चीफ केमिस्टकडे तो ‘साखर आणि इथेनॉलचे प्रमाण आता काय ठेवायचे’ असा आला. अकाउंटंटपुढे ‘मार्चमध्ये येणारे पैसे आता कधी येणार’ असा, आणि मंडळापुढे ‘सात-आठ वर्षांच्या हप्त्यांवर काढलेल्या कर्जाचे काय’ असा. घटना एकच, प्रत्येक पातळीवर तिची लांबी वेगळी.

वरच्या पातळीवरच्या माणसाला साखर करता यावी लागते का? महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात या प्रश्नाला चांगले उत्तर देते. अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरा कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. त्यांना पॅन शिजवता येत नव्हता आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. भागभांडवल कसे उभे राहील, शेतकरी आणि कारखाना यांचे नाते कोणत्या नियमांवर टिकेल, हे त्यांचे प्रश्न होते. विखे पाटील ऊस आणि ऊस लावणारा माणूस, दोन्ही ओळखत होते. वरच्या पातळीला या दोन्ही प्रकारच्या जाणतेपणाची गरज असते.

हाच मुद्दा रॉबर्ट कॅट्झ या अमेरिकी अभ्यासकाने १९५५ मध्ये मांडला. व्यवस्थापकाला तीन प्रकारची कौशल्ये लागतात, असे त्याचे म्हणणे: कामाचे तांत्रिक ज्ञान, माणसांबरोबर काम करण्याची हातोटी आणि संपूर्ण संस्था एका नजरेत पाहण्याची वैचारिक क्षमता. खालच्या पातळीवर पहिल्याचे वजन जास्त, वर जावे तसे तिसऱ्याचे वाढत जाते, आणि दुसरे सगळीकडे सारखेच लागते. ऐकायला हे सोपे वाटते, पण बढत्यांचे बरेचसे दुःख यातूनच येते. उत्तम पाळी-इंजिनिअर चीफ इंजिनिअर होतो आणि तरीही मिलचा आवाज बदलला की कार्यालयातून उठून स्वतः पाना घेतो. कामगार कौतुकाने पाहतात, साहेबांनाही बरे वाटते, आणि इकडे पुढच्या ऑफ-सीझनला कोणते सुटे भाग मागवायचे याची यादी टेबलावर तशीच राहते. ती यादी दुसरे कोणी करणार नसते. नव्या पातळीवरचे काम सुरुवातीला काम वाटतच नाही, कारण त्यात हात काळे होत नाहीत.

मघाशी म्हटलेली गाठ आता पाहू. सहकारी कारखान्यात संचालक मंडळाच्याही वर सर्वसाधारण सभा असते, म्हणजे सभासद शेतकरी. याच शेतकऱ्याचा ऊस क्रमपाळीत अडकलेला असतो आणि तोडीच्या चिठ्ठीसाठी तोच चिटबॉयच्या मागे फिरत असतो. त्रिकोणाच्या टोकावर बसलेला माणूस आणि त्रिकोणाच्या पायथ्याशी रांगेत उभा असलेला माणूस एकच. वर्षातून एका दिवशी तो मालक असतो आणि अहवालावर प्रश्न विचारतो. उरलेल्या दिवसांत तो पुरवठादार असतो. यात लोकशाहीचे सौंदर्य आहे आणि पातळ्या मोडण्याचा कायमचा मोहसुद्धा.

तो मोह कसा काम करतो, हे ऊसपट्ट्यात कोणाला वेगळे सांगायला नको. एखाद्या वजनदार सभासदाचा ऊस क्रमपाळीनुसार फेब्रुवारीत तुटायचा असतो. तो फिल्डमनकडे जात नाही, सरळ संचालकाला फोन करतो. संचालक मुख्य शेतकी अधिकाऱ्याला न विचारता चिटबॉयला सांगतो, "अरे, आमच्या पाहुण्यांच्या रानात उद्या तोडणीची टोळी घाल." चिटबॉय काय करणार? "होय दादा" म्हणतो आणि टोळी हलवतो. काम एका फोनवर झाले, संचालकाचा शब्द राहिला. पण त्याच वेळी ज्या तीन शेतांची पाळी होती, ती मागे गेली. तिथे पाठवलेली वाहने रिकामी उभी राहिली. कोवळा ऊस आल्याने उतारा घसरला. आणि या साऱ्याचा जाब महिन्याच्या बैठकीत शेतकी अधिकाऱ्याला द्यावा लागला, ज्याला या फोनची खबरही नव्हती. त्यानंतर गावातला दुसरा शेतकरीही फिल्डमनकडे जायचे सोडतो, कारण चिठ्ठी कोठून निघते ते त्याला कळलेले असते. फिल्डमनचे पद कागदावर राहते, पातळी नाहीशी होते.

मोबाइलमुळे हा मोह वाढला आहे. काट्यावरचे प्रत्येक वजन संगणकात नोंदवले जाते आणि अध्यक्षांना घरबसल्या कळू शकते की या तासात किती टन ऊस आला. माहिती मिळणे चांगलेच. मात्र तासाचा आकडा ज्याच्या हाती आला त्याला तासाचा निर्णय घ्यावासा वाटतो, आणि मग दहा वर्षांचा निर्णय घ्यायला कोणी उरत नाही. हा दोष एकाच दिशेचा नाही. खालच्या पातळीवरही आपला निर्णय वर ढकलण्याची सवय लागते. रात्री अडीचला एमडी साहेबांना फोन केला की जबाबदारी आपली राहत नाही, हे अनेकांनी ओळखलेले असते.

पातळ्या तीनच असतात असेही नाही. लहान किराणा दुकानात तिन्ही एकाच माणसात असतात: तो सकाळी गल्ल्यावर बसतो, दुपारी घाऊक व्यापाऱ्याशी उधारीचे बोलतो आणि रात्री दुसरे दुकान घ्यावे का याचा विचार करतो. रेल्वेसारख्या प्रचंड संस्थेत रेल्वे मंडळ, झोन, विभाग आणि स्थानक अशा कितीतरी पायऱ्या असतात. किती पायऱ्या हव्यात हे एका माणसाला किती जणांवर नीट लक्ष ठेवता येते, यावर बरेचसे ठरते. एकसारखे काम करणाऱ्या वीस जणांवर एक पर्यवेक्षक पुरेल. वीस वेगवेगळ्या गावांत विखुरलेल्या चिटबॉयवर पुरणार नाही.

कारखान्यातली एखादी व्यक्ती कोणत्या पातळीवर काम करते हे तिच्या दारावरची पाटी न वाचताही कळू शकते. रोज सकाळी एक तक्ता निघतो: आजचे गाळप, आजचा उतारा, बंद तास आणि त्यांची कारणे, आजअखेरचे गाळप, आजअखेरचा सरासरी उतारा, आणि शेजारी मागील वर्षी याच तारखेचे आकडे. त्या पावसाळी रात्रीनंतर सकाळच्या तक्त्यात ‘नो केन: १ तास ४० मिनिटे’, म्हणजे ऊस नसल्याने मिल तेवढा वेळ बंद, अशी नोंद येते. पाळीचा केमिस्ट तेवढीच ओळ वाचतो आणि मनात म्हणतो, वेग कमी केला नसता तर दोन तासांच्या वर गेले असते. मुख्य शेतकी अधिकारी ती ओळ वाचून गटवार वाहनांचा तक्ता मागवतो. चीफ केमिस्टची नजर उताऱ्याच्या रकान्यावर जाते. एमडी साहेब ‘आजअखेर’ हा रकाना पाहतात आणि मनात उरलेल्या उसाला उरलेल्या दिवसांनी भागतात. महिन्याच्या सभेत हाच तक्ता संचालकांपुढे येतो, तेव्हा ती एक तास चाळीस मिनिटे महिन्याच्या एकूण बंद तासांत मिसळून गेलेली असतात. संचालक मागील वर्षाच्या रकान्याकडे बोट दाखवून विचारतात की शेजारच्या दोन कारखान्यांनी क्षमता वाढवल्यावर आपल्या कार्यक्षेत्रातला ऊस पुढच्या तीन वर्षांत आपल्याकडेच येणार आहे का.

त्याच सुमारास पाळीचा केमिस्ट यार्डात वाहने मोजत असतो. त्या दिवशी सत्तावीस आहेत.